पावसाळा संपला की बघू!

जून उजाडला की आमच्या ऑफिसात दातदुखीवर दोनच औषधं: लवंग आणि "पावसाळा संपला की बघू". निव्वळ आळस! आणि हे सांगणारा मीही त्यातलाच.

गेल्या जुलैत रूट कॅनॉलची पहिली सिटिंग झाली, दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं. दुसऱ्या सिटिंगच्या दिवशी रेड अलर्ट, लोकल बंद. मग प्रोजेक्टची रिलीज, मग "पुढच्या आठवड्यात नक्की". अहो, ते सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं! ते झिजलं, आत परत पू झाला, शेवटी दाढच काढली.

दोष पावसाचा? साडेचार मीटरवरची भरती कोणकोणत्या दिवशी, ही यादी मुंबई पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. रिलीजच्या तारखा आपण कॅलेंडरवर टाकतो, ही का नाही? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला, तो सांगून आला नव्हता, मान्य. म्हणून तर डेंटिस्ट घरापासून चालत जाण्याइतका जवळ हवा, ऑफिसजवळचा चकाचक नको. वेळ चुकलीच तर त्याच दिवशी फोन करून दुसरी घ्यायची.

शेजारच्या क्युबिकलमधला आत्ताही गाल धरून बसलाय. त्याला हे सगळं ऐकवलं. म्हणाला, "गणपतीनंतर जातो रे."