‘वारसा’ नावाचा पारिभाषिक शब्द

मराठीच्या विभागांत ‘पर्यावरणवादी समीक्षा’ हा सध्या चलनी विषय आहे. बालकवींच्या निर्झरावर निबंध वाचले जातात, ग्रामीण कादंबरीतल्या रानाची चिकित्सा होते, प्रमाणपत्रे वाटली जातात. याला आमची हरकत नाही. आमची तक्रार निराळी आहे. महाराष्ट्रातल्या झाडांच्या जगण्यामरण्याचा निर्णय करणारा मजकूर कवितेत नसून विधेयकात असतो. हे विधेयक मराठीत मांडले जाते आणि मराठीचे अभ्यासक त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

‘ज्याअर्थी’ने सुरू होऊन ‘त्याअर्थी’वर येणारे ते गद्य रूक्ष असते, हे मान्य. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ हा काही ललित वाङ्मयप्रकार नव्हे. परंतु विधेयकाचे मर्म बहुधा व्याख्यांच्या कलमात असते, आणि व्याख्या म्हणजे शब्दाला अर्थ नेमून देणे. हे काम कोणते आहे ते साहित्याच्या विद्यार्थ्याला आम्ही सांगायला नको.

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षण व जतनाचा अधिनियम १९७५ चा. २०२१ साली त्यात जी दुरुस्ती झाली तिने ‘वारसा वृक्ष’ ही संज्ञा आणली: अनुमानित वय ५० वर्षे वा त्याहून अधिक असलेले झाड. वृत्तपत्रांनी स्वागत केले, वृक्षप्रेमींनाही बरे वाटले. शब्दच तसा आहे. वारसा म्हणजे जे आपले नसते, पुढच्यांकडे सोपवायचे असते. पण अधिनियमात या शब्दाने काय साधले? वारसा वृक्ष तोडू नये, असे त्यात कोठेही नाही. तो तोडण्याचा प्रस्ताव, २०० वा अधिक झाडांच्या प्रस्तावाप्रमाणेच, वरच्या प्राधिकरणापुढे जावा, एवढेच त्या दुरुस्तीने ठरवले. शब्द निषेधाचा वाटतो, काम मात्र टेबल बदलण्याचे करतो. २०० चा आकडा सांगितला की १९९ चा प्रस्ताव करण्याची बुद्धी कोणाला होईल, हे ओळखायला फार प्रतिभा लागत नाही.

‘अनुमानित’ या विशेषणाकडेही पाहावे. आपल्याकडच्या पुष्कळ झाडांत वार्षिक वलये स्पष्ट उमटत नाहीत. जेथे उमटतात तेथेही ती मोजायची तर खोडाला छेद द्यावा लागतो. म्हणून घेर मोजून वय ठरवायचे. वर्षावृक्ष झपाट्याने जाडावतो, दुसरे एखादे झाड तेवढ्याच वर्षांत निम्मेही भरत नाही. ४९ आणि ५० यांतला फरक अशा रीतीने टेपधारी कर्मचाऱ्याच्या अंदाजावर येऊन ठेपतो.

यापुढचे कलम तर अलंकारशास्त्राच्या तासाला घ्यावे असे आहे. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे लावावीत: ६० वर्षांच्या वडाबद्दल ६० रोपे. ती किमान सहा फूट उंच असावीत, त्यांना भू-अंकन करावे, सात वर्षे जगवावीत. अटी चांगल्या आहेत. आमचा आक्षेप बरोबरीच्या चिन्हाला आहे. उपमेला साधर्म्य लागते, हे आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. वडाची साठ वर्षे आणि साठ रोपांचे एकेक वर्ष यांत साधर्म्य कोणते? सावली रस्त्याच्या एका वळणावर असते. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला लावून मिळत नाही. ढोलीतला पिंगळा सात वर्षे थांबत नाही. आणि लागवड शक्य नसेल तर झाडाच्या मूल्याइतके पैसे भरण्याची सोयही आहे. झाडाचे वय झाले, वयाची रोपे झाली, रोपांचे रुपये झाले. रूपकाचा असा प्रवास एखाद्या कवितेत असता तर त्यावर प्रबंध आला असता.

‘आम्ही कायद्याचे जाणकार नव्हे’ हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितले की ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात जो आहे तो घ्यावा. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने कोशाकडे बोट दाखवले आणि कोशकारांच्या वंशजांनी अंग काढून घ्यावे, हा विनोदच म्हणायचा. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरे वसाहतीसंबंधीच्या याचिका फेटाळल्या. आरे हे वन ठरवावे, ही त्यांतली एक मागणी होती. त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडे पडली होती. एका शब्दाच्या अर्थावर एवढे अवलंबून होते. ज्या पत्राची दखल घेऊन ती सुनावणी झाली, ते कायद्याच्या विद्यार्थ्याचे होते. साहित्याचे विद्यार्थी त्या आठवड्यात काय वाचत होते, असे विचारण्याचा मोह आम्ही आवरत नाही.

साहित्याने संवेदना जागवावी, कायदा इतरांनी पाहावा, ही श्रमविभागणी सोयीची आहे, विशेषतः विधेयक मांडणाऱ्यांना. आवाजी मतदानाने संमत होणाऱ्या मजकुराला काळजीपूर्वक वाचणारा नको असतो. आमची मागणी साधी आहे. पदव्युत्तर वर्गाच्या एका सत्रात, एका कवितेशेजारी, चालू अधिवेशनातल्या एका विधेयकाचे व्याख्यांचे कलम ठेवावे. त्यातला प्रत्येक शब्द कोणाला काय करू देतो, एवढेच विचारावे.

सराव करण्यासाठी विधिमंडळापर्यंत जाण्याचीही गरज नाही. तोडण्याचा प्रस्ताव असलेल्या झाडाच्या खोडावर नोटीस डकवणे याच अधिनियमाने बंधनकारक केले आहे. महाविद्यालयाच्या रस्त्यावर ती केव्हातरी दिसेलच. हरकतीची मुदत थोडक्या दिवसांची असते आणि हरकत मराठीत लिहिलेली चालते.