गळाला लागलेलं इंजिनिअरिंग

जर्नलमध्ये पॅटर्न-मोल्डच्या आकृत्या आपण सगळेच छापतो. पण स्वतःचा साचा किती जणांनी ओतलाय?

मरळ धरायला गांडूळच लागतं असं नाही, मऊ प्लॅस्टिकचं खोटं आमिषही चालतं. ते घरी बनतं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा कडक वाळवायचा. प्लॅस्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीचं दुधासारखं मिश्रण, साधारण १७५ अंशांना पारदर्शक झालं की ओतायचं. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन रस अंगावर उडतो. जास्त तापलं तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर! म्हणून हे काम रूममधल्या कॉइलवर नको, मेसच्या पातेल्यात तर नकोच. कॉलेजने शनिवारी वर्कशॉप उघडं ठेवावं, गॉगल आणि एक्झॉस्ट फॅनसकट.

पण खरी परीक्षा नदीवर आहे. भिवपुरी वीजकेंद्राच्या पाण्यामुळे आपली पेज उन्हाळ्यातही वाहते, गावं त्यावर जगतात. तुटलेलं आमिष तिथे कुजत नाही, माशाने गिळलं तर पोटात अडकतं. तेव्हा जेवढी नेली तेवढी मोजून परत आणा. फाटलेली पुन्हा वितळवता येतात.

हे सिलॅबसमध्ये नाही. पण मार्क खरं तर यालाच हवेत, नाही का?