खुंट्या पिळा
गिटार घेऊन गाणं रचायला बसलेल्या पोरांची बोटं हमखास जी, सी, डी या कॉर्डवर जाऊन बसतात आणि चाल ऐकल्यासारखी निघते. दोष पोरांचा कमी, सवयीचा जास्त. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेलला ही सवय परवडणारीच नव्हती. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या हातातली ताकद कमी झाली, अवघड कॉर्ड दाबवेनात. मग तिनं खुंट्याच पिळल्या. तारा डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा लावल्या, की बोट न टेकवता भरघोस डी मेजर वाजतो. एक बोट आडवं टाकून सरकवलं, की पुढचे मेजर आपसूक. (तंबोरा पंचमात लावायचा की मध्यमात, हे आपल्याकडे रागावर ठरतं, इथे आधी तारा, मग गाणं.) अशी ५०हून जास्त ट्यूनिंग तिनं वापरली. १९७१च्या तिच्या ‘ब्लू’ या अल्बममधली गिटारवरची गाणी उचलायला जाणारे नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये चाचपडतात, ते यामुळेच. अर्थात मैफलीत दर गाण्याआधी तारा लावत बसणं ही कटकटच. नव्वदीच्या दशकात तिनं त्यासाठी रोलँडचं इलेक्ट्रॉनिक यंत्र घेतलं. आपल्या पोरांना यंत्र नको, एक जाडी तार दोन पडदे उतरवली तरी पुरे.