राक्षसाचं नाव विचारा

टाळेबंदीतल्या एका दुपारी आमच्या अम्मा जिना चढून माडीवर आल्या. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. घरात सगळेच त्यांना अम्मा म्हणतात. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे, एरवी त्या माडीवर फिरकत नसत. पण नातू तीन आठवडे दिवसभर राक्षस मारतोय, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. त्याच्या खुर्चीमागे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. पडद्यावर लालभडक, एका डोळ्याचा, हवेत तरंगणारा एक गोळा फुटला. त्यांनी विचारलं, "हा कोण रे?"

"काकोडेमन, अम्मा."

"ह्याने वर काय मागितला होता?"

मुलाने हेडफोन काढून मानेवर घेतला. काही बोलला नाही. मला वाटतं, तीन आठवड्यांत हजारएक राक्षस मारले असतील त्याने, पण हा प्रश्न त्याला पडला नव्हता. मलाही पडला नव्हता. मी फक्त रक्ताकडे बघत होते.

खेळाचं नाव 'डूम इटर्नल'. तो जगभर विक्रीला आला २० मार्च २०२० रोजी, आणि २५ मार्चपासून आपला देश बंद झाला. पुण्याच्या मामेभावाने आपल्या खात्यावरून तो आमच्याकडे उतरवून दिला. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. या खेळाला युरोपात १८ वर्षांची आणि अमेरिकेत १७ वर्षांची अट आहे, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. आधी कळलं असतं तर तेव्हा तो घरात येऊ दिला नसता, आणि आजही पंधरा वर्षांच्या मुलाला तो देऊ नये असंच माझं मत आहे. ती अट वाचायचं काम आईबापांचं होतं आणि ते आम्ही केलं नाही.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर तंजावरचं. एकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात इकडे आलेल्या घरांपैकी हे एक घर. मोडी कागद वाचणं हे माझं काम. संगणकाशी संबंध तेवढ्यापुरताच. तरी अम्मांच्या त्या दुपारनंतर मी रोज अर्धा तास मुलाशेजारी बसू लागले. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत मळमळलं, इतक्या वेगाने तो पडदा गरगर फिरतो. आठवडाभराने डोळे सरावले आणि हाणामारीच्या आतली घडण दिसू लागली.

या खेळात लपून बसता येत नाही. भिंतीआड थांबलं की जखम आपोआप भरून येते, असं इतर बऱ्याच बंदुकीच्या खेळांत असतं. इथे तसं नाही. राक्षसाला अर्धमेला करायचा, तो लकाकू लागला की धावत त्याच्या अंगावर जायचं आणि हातानेच संपवायचा. तेव्हा कुठे आपल्याला जीव मिळतो. गोळ्या हव्यात तर करवतीने कापायचा, चिलखत हवं तर आग ओकायची. म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच प्रत्येक वेळी धावत जायचं. कोणत्या राक्षसाचं मर्म कुठे, कुणाला आधी गाठायचं, कुणाला मागे ठेवायचं, याचा हिशेब माझा मुलगा डोळ्याचं पातं लवायच्या आत करत होता. हे कौशल्य आहे. त्याला नुसता रक्तपात म्हणणं मला आता पटत नाही.

या सगळ्याची सुरुवात १० डिसेंबर १९९३ ची. टेक्सासमधल्या आयडी सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीने पहिला 'डूम' विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला, आणि इतके लोक एकदम तुटून पडले की तिथलं नेटवर्क कोलमडलं. पहिला भाग फुकट होता, नऊ लेव्हलींचा. पुढचे दोन हवे असतील तर पैसे भरायचे. मंगळाच्या चंद्रांवर नरकाचं दार उघडलं आहे आणि आत एकटा सैनिक आहे, एवढीच कथा. जॉन कारमॅकने त्याचं तंत्र लिहिलं, जॉन रोमेरोने पहिल्या भागातल्या बहुतेक लेव्हली रचल्या. एड्रियन कारमॅक नावाच्या चित्रकाराने त्यातले काही राक्षस चक्क मातीचे घडवले आणि चहूबाजूंनी त्यांची छायाचित्रं घेऊन ती खेळात घातली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरचा नवरात्रातला कोलू आठवला. पायऱ्यापायऱ्यांवर मातीच्या बाहुल्या, देवीच्या पायाशी मातीचाच महिषासुर. राक्षस आधी हातांनी मळावा लागतो, मगच तो मारता येतो.

भीतीचा इतिहासही तितकाच जुना आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत दोन मुलांनी गोळीबार केला. ती दोघं 'डूम' खेळत असत हे बाहेर आलं आणि खेळाच्या कपाळी कायमचा डाग लागला. कॅलिफोर्नियाने अज्ञान मुलांना हिंसक खेळ विकण्यावर बंदीचा कायदा केला. तो २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. निकालपत्रात न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिमच्या परीकथांमधल्या क्रौर्याचा दाखला दिला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटलं की, हे खेळ खेळून माणूस हिंसाचार करतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. मात्र आरडाओरडा, ढकलाढकल अशा आक्रमकपणाशी त्यांचं थोडंसं पण निश्चित नातं दिसतं. मला हे म्हणणं रास्त वाटतं. हरल्यावर मुलगा चिडचिड करायचा, एकदा त्याने कीबोर्ड आपटला. कुणाच्या अंगावर हात मात्र कधी टाकला नाही.

तेव्हा रक्ताची तक्रार मी बाजूला ठेवते. माझी तक्रार अम्मांची आहे.

तंजावर हे गाव राक्षसाच्या नावाचं आहे. वेण्णार नदीच्या काठी विष्णूची तीन देवळं आहेत. तिथली कथा अशी की तंजकन् नावाच्या असुराने मरताना देवाकडे मागणं मागितलं, या गावाला माझं नाव राहू दे. देवाने ते दिलं. मारणाऱ्याचं नाव गावाला नाही, मरणाऱ्याचं आहे. नवव्या शतकात विजयालय चोळाने हे गाव जिंकलं तेव्हा इथे निशुंभसूदिनीचं देऊळ बांधलं, असं तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात आहे. म्हणजे देवीच्या नावातही तिने मारलेला असुर सांभाळून ठेवलेला.

आणि बृहदीश्वराच्या देवळात, गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात, चोळांनी रंगवलेला त्रिपुरांतक आहे. १९३१ मध्ये ही चित्रं नायकांच्या काळातल्या रंगाच्या थराखाली सापडली. तिथे सगळ्यांना जाऊ देत नाहीत; मी छायाचित्रांतच पाहिलंय. ब्रह्मदेव रथ हाकतोय, शिव धनुष्य ताणून उभा आहे, समोर असुरांची गर्दी. त्यांच्या बायका त्यांना बिलगल्या आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला दिसलं की राक्षसाला बायको असते, ती त्याला जाऊ नको म्हणते. राजराजा चोळाचा तो चित्रकार देवाच्या बाजूचा होता, यात शंका नाही. तरीही त्याने त्या बायका रंगवल्या.

मराठी माणसाला यात नवं काय सांगायचं? नरकचतुर्दशीला आपण कारीट फोडतो ते नरकासुराच्या नावाने. दिवे लावतो तेही, माझ्या मरणाचा दिवस लोकांनी आनंदाने साजरा करावा असं त्याने मागितलं म्हणून, अशी कथा इकडे तंजावरात प्रत्येक घरात सांगतात. बलिप्रतिपदेला आपण असुराचंच राज्य येवो म्हणतो. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो. तो महिषासुरच, असं दामोदर धर्मानंद कोसंबींनी दाखवलं आहे. आपण राक्षस मारले, आणि मग त्यांना गावाच्या कडेला जागा दिली, वर्षाचा एक दिवस दिला.

'डूम'मध्ये हे नाही. न्यायाने सांगायचं तर कथा अगदीच नाही असं नाही. 'कोडेक्स' नावाची पानं आहेत, त्यांत नरकाचा इतिहास, राक्षसांची माहिती बरीच लिहिली आहे. पण ती वाचायला खेळ थांबवावा लागतो, आणि हा खेळ थांबणाऱ्याचा नाही. माझ्या मुलाने त्यातलं एकही पान वाचलं नव्हतं. अम्मांच्या प्रश्नानंतर वाचलं. काकोडेमनला वर मिळाल्याचं त्यात काही सापडलं नाही. तो दोन दिवस जरा खट्टू होता.

२०२३ च्या मे महिन्यात मी त्याला मेलट्टूरला घेऊन गेले. तंजावरपासून वीसेक किलोमीटर. नृसिंहजयंतीला तिथे भागवत मेळा होतो. देवळासमोरच्या रस्त्यावर मांडव, रात्री सुरू होतो तो पहाटेपर्यंत, भाषा तेलुगू, गाणं कर्नाटक पद्धतीचं, स्त्रियांची कामं पुरुष करतात. मराठे राजांच्या काळात या खेळांना चांगले दिवस होते. 'प्रह्लादचरित्र' होतं त्या रात्री. मुलगा सुरुवातीला मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. हिरण्यकश्यपू प्रवेशला तसं त्याने वर पाहिलं. केवढा डौल, केवढा गर्व! आणि मग लीलावती, प्रह्लादाची आई. नवरा मुलाला मारायला निघाला आहे आणि ती दोघांच्या मध्ये आहे. तिचा विलाप किती वेळ चालला मला सांगता येणार नाही. माझ्या शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसत होती. मीही पुसत होते.

नृसिंहाचा मुखवटा तिथे देवळात पूजेत असतो. तो घालणारा नट उपास करून येतो. मुखवटा चढला की त्याला दोघातिघांनी धरून ठेवावं लागतं, इतका आवेश असतो. खांबातून सिंह आला तेव्हा पहाट होत आली होती. माझा मुलगा उभा राहिला होता. परत येताना बसमध्ये म्हणाला, "आई, शेवटचा एक राक्षस मारायला ह्यांनी आख्खी रात्र घेतली."

त्याने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. तो अजूनही 'डूम' खेळतो. आता अठरा पार केली आहेत, तेव्हा मी अडवत नाही. २०२५ मध्ये नवा भाग आला तोही खेळला.

मी बंदी मागत नाही. शाळेच्या पालकसभेत एका गृहस्थांनी असले खेळ मुलांना राक्षस बनवतात असं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हात वर करून विचारलं, यातला एखादा खेळ तुम्ही मुलाशेजारी बसून पाहिलाय का? त्या सभेत एकही हात वर आला नाही. जे पाहिलंच नाही ते थांबवता येत नाही आणि सुधारता तर मुळीच येत नाही.

सुधारता येतं, हे पुण्यातल्या लोकांनी दाखवून दिलं आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्याच्या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. राक्षस लहान मुलांना पळवून नेतात, राजी नावाची मुलगी आपल्या भावाला, गोलूला सोडवायला निघते. राक्षसांच्या राजाला नाव आहे, महाबलासुर. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आपसात बोलत बोलत. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे रंगवले आहेत. २०१७ मध्ये या लोकांनी लोकवर्गणी मागितली तेव्हा ती पुरेशी जमली नव्हती. तरी त्यांनी खेळ पुरा केला आणि जगातल्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. तो 'डूम'इतका वेगवान नाही, मुलीला आपण लांबून बघतो, मारामारी काही ठिकाणी अडखळते. माझ्या मुलाने तो दोन संध्याकाळी संपवला. पण त्या दोन्ही संध्याकाळी अम्मा खुर्ची घेऊन त्याच्याशेजारी बसल्या होत्या, आणि भिंतीवरचं प्रत्येक चित्र आलं की त्याला थांबवून कथा सांगत होत्या. तो थांबत होता.

'डूम'चा वेग आणि अम्मांची कथा एका खेळात का येऊ नये? पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात आज संगणकावर काम करणारी जी मराठी मुलं आहेत, त्यांना माझी विनंती आहे: तंजावरला या. वेण्णारकाठची देवळं बघा, मे महिन्यात मेलट्टूरला एक रात्र जागा, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी कोरवलेला मराठी लेख वाचा म्हणजे हे गाव तुमचंही आहे हे कळेल. आणि मग असा राक्षस घडवा की ज्याला मारताना खेळणाऱ्याला त्याचं नाव, त्याचा वर आणि त्याची बायको ठाऊक असेल. आमच्या माडीवर जागा आहे. अम्मा आता त्र्याऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडे कथा पुष्कळ आहेत, आणि त्या सांगायला तयार आहेत.