हार्ट फेल्युअर आणि अर्धशक्ती

हार्ट फेल्युअरच्या रुग्णास सरसकट पूर्ण विश्रांती सांगण्याचा प्रघात आपल्या चिकित्सालयांत अद्याप आढळतो. तो त्याज्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ या २३३१ रुग्णांच्या अभ्यासात स्थिर अवस्थेतील रुग्णांना प्रथम देखरेखीखाली व नंतर घरी दिलेला व्यायाम सुरक्षित ठरला. मृत्यू व रुग्णालयप्रवेश यांत लाभ माफकच दिसला. जीवनमान मात्र सुधारले.

वाग्भटांनी अर्धशक्तीची मर्यादा बलवानांसाठी, तीही शीत व वसंत ऋतूंत सांगितली. एरवी त्याहून अल्प. मग दुर्बल हृदयाची मात्रा किती सूक्ष्म असावी, हे सुज्ञांस सांगणे नलगे. हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने आरंभी ५ ते १० मिनिटे, बोलता येईल अशा गतीनेच चालावे. नागपूरच्या वैशाखात तर पहाटेच. विश्रांतीतही धाप, वाढती सूज किंवा ३ दिवसांत २ किलो वजनवाढ दिसल्यास व्यायाम थांबवून रुग्णास तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे. चालू असलेली मूत्रल औषधे वैद्यांनी वा औषधविक्रेत्यांनी परस्पर बंद करू नयेत.

व्यायामही औषधच, मात्रा चुकली तर दोष औषधाचा नव्हे, देणाऱ्याचा.