चौविहार आणि औषधाची वेळ

चातुर्मास सुरू झाला, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी येतो : ‘प्रतिजैविकाची गोळी तीन वेळा सांगितली आहे, पण आमचा चौविहार, रात्रीची सोडली तर चालेल का?’ उत्तर औषधाच्या स्वभावावर अवलंबून आहे.

अमॉक्सिसिलिन जिवाणूला आपल्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही. वाढता जिवाणू फुटून मरतो. मानवी पेशीला अशी भिंत नसल्याने ती सुरक्षित राहते. मात्र रक्तातील या औषधाचे प्रमाण सुमारे तासाभरात निम्म्यावर येते. सूर्यास्तापूर्वी एक मात्रा आणि पुढची थेट नवकारशीनंतर घेतली, तर मधल्या बारा तासांत जिवाणूंना मोकळे रान मिळते. अ‍ॅझिथ्रोमायसिनचे तसे नाही. ते जिवाणूची प्रथिननिर्मिती रोखते व शरीरात दीर्घकाळ रेंगाळते. दिवसाला एकच मात्रा पुरते.

म्हणून काय, अमॉक्सिसिलिनऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन आपणच आणावे? मुळीच नाही. कोणत्या संसर्गावर काय चालेल, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आपण नियम मात्र चिठ्ठी लिहिली जात असतानाच सांगावा. मालाची अट आपण सौदा ठरण्यापूर्वी सांगतो ना, तसेच हे! पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास तीही तेव्हाच सांगावी. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते; गोळी किंवा पातळ औषध मिळेल का, हेही विचारावे. आजार गंभीर असून दुसरा पर्याय नसेल, तर रात्रीची मात्रा चुकवू नये. प्रत्याख्यानात आजारपणासाठी आगार आहेत. त्याविषयी गुरुमहाराजांना जरूर विचारावे.

सर्दी-पडशाला यांतील काहीच नको. ती विषाणूंमुळे होते, आणि विषाणूला ना अशी भिंत, ना प्रथिने घडविण्याची स्वतःची यंत्रणा. औषधाने वार करायचा कशावर? उलट पोटातील उपयुक्त जिवाणू तेवढे मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. कपाटातील उरलेली पट्टी शेजारच्या मुलाला देणे ही सेवा नव्हे. पट्टीवरील उभी लाल रेघ ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये’ हेच सांगते.

डॉक्सिसायक्लिन दिले असेल, तर सूर्यास्ताच्या घाईत घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण पडतो. पेलाभर पाणी प्यावे, निदान अर्धा तास बसून राहावे. दुधाबरोबर मात्र ही गोळी घेऊ नये. दुधातील कॅल्शियम तिला बांधून ठेवते.