पाण्याची कळ कोणाच्या हाती?

ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांच्या ‘मॅड मॅक्स’ चित्रपटमालेत मारधाड आणि मोटारींचा पाठलाग यांपलीकडे काही नाही, असे समजून गंभीर प्रकृतीचा कार्यकर्ता तिच्याकडे पाठ फिरवितो. हे योग्य नव्हे. जगभरचा तरुण वर्ग जी कल्पनाचित्रे डोळे विस्फारून पाहतो, त्यांतून उद्याच्या समाजाविषयी कोणती धारणा रुजविली जात आहे, हे तपासणे हेही राजकीय कार्यच आहे.

या मालेच्या मुळाशी १९७३ नंतरचे तेलसंकट आहे. पेट्रोलपंपांपुढच्या रांगांत नागरिक कसे हातघाईवर आले, ही आठवण पहिल्या पटकथेमागे होती, असे तिचे सहलेखक जेम्स मॅककॉसलँड यांनी पुढे नमूद केले आहे. १९७९ आणि १९८१ च्या दोन चित्रपटांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र एकांगी होता. साधने आटली की माणूस माणसाच्या जिवावर उठतो आणि तरतो तो एकटा, शूर पुरुष! हा निष्कर्ष प्रस्थापितांना सोयीचाच आहे. कारण त्यामुळे लोभ हा व्यवस्थेचा दोष न राहता मनुष्यस्वभावाचा ठरतो.

२०१५ च्या ‘फ्यूरी रोड’ने या समजाला छेद दिला. तेथील वाळवंटात पाणी संपलेले नाही, ते अडविलेले आहे. इमॉर्टन जो नावाचा हुकूमशहा कड्यावरील गढीतून जमिनीखालचे पाणी उपसतो, मनास येईल तेव्हा कळ ओढून क्षणभर ते खाली सोडतो, आणि वर पाण्याची चटक लावून घेऊ नका, असा उपदेशही करतो! पाणी एकाकडे, पेट्रोल दुसऱ्याकडे, बंदुकीच्या गोळ्या तिसऱ्याकडे, अशी ही मक्तेदारांची युती आहे. तिच्यासाठी मरणारी रोगग्रस्त पोरे मात्र परलोकीच्या मानपानाच्या आश्वासनावर जगतात. प्रलयानंतरही वर्ग नष्ट होत नाहीत, उलट ते अधिक उघडेनागडे होतात, हे येथे स्पष्ट दिसते.

त्याहून महत्त्वाचे आहे ते पाठलागाचे वळण. फ्युरिओसा बंदिवान स्त्रियांना घेऊन हिरव्या भूमीच्या शोधात पळते. पण ती भूमी केव्हाच नासून गेलेली असते. तेव्हा पळ काढणाऱ्या गाड्या मागे वळतात आणि थेट गढीवरच चाल करतात. मुक्ती दूर कोठे सापडावयाची नसून, जेथे पाणी अडले आहे तेथेच ती मिळवावी लागते, हा धडा कोणत्याही अभ्यासवर्गात सांगण्याजोगा आहे.

तरीही चित्रपट एका पायरीवर अडखळतो. शेवटी फ्युरिओसा पाळण्यातून वर चढते, वरून पाणी सुटते आणि खालचा समुदाय केवळ जयघोष करतो. कळ ओढणारा हात बदलला. परंतु ती सर्वांच्या हाती आली काय? पडद्यामागेही तीच गोष्ट. नामिबियाच्या वाळवंटात धावत्या गाड्यांवरील उंच खांबांवर जीव धोक्यात घालून झुललेल्या माणसांमुळे हा चित्रपट उभा राहिला. त्याला सहा ऑस्कर मिळाले. पण साहसदृश्यांसाठी त्या वेळी पारितोषिकच नव्हते. ते देण्याचा निर्णय २०२५ साली झाला आणि तोही २०२७ पासूनच्या चित्रपटांसाठी.

१९८१ च्या चित्रपटाचे चित्रण ज्या ब्रोकन हिलच्या माळावर झाले, त्या मातीचा इतिहास काही वेगळेच सांगतो. शिशाच्या विषाने आणि धुळीने फुप्फुसे पोखरली गेलेल्या तेथील खाणकामगारांनी १९१९-२० मध्ये सुमारे अठरा महिने संप लढविला आणि पस्तीस तासांचा आठवडा मिळविला. त्या वैराण प्रदेशात माणसे टंचाईमुळे एकमेकांवर तुटून पडली नाहीत. ती संघटित झाली. तेथे कोणी एकटा मॅक्स त्यांना तारावयास आला नव्हता.

म्हणूनच हा चित्रपट अवश्य पाहावा, तरुणांबरोबर पाहावा आणि दिवे लागल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारावा: पाणी सुटले खरे, पण उद्या सकाळी ते वाटणार कोण?